हाकेचं पाणी

१

आमच्या घरातून बाहेर पडायला अकरा मिनिटं लागत. एकदा मी घड्याळ लावून मोजली होती. माझी बायको रूपश्री आधी गॅस बघायची, मग गीझर, मग बाल्कनीचं दार. मग आमच्या सात वर्षांच्या वेदिकाला बाहेर काढून कुलूप लावायची आणि ते तीनदा ओढून बघायची. लिफ्ट आली की पुन्हा मागे धावून चौथ्यांदा ओढायची. मी लिफ्टचं दार पायाने अडवून उभा असायचो आणि आतले शेजारी छताकडे बघत असायचे.

मी तिची थट्टा करायचो, पण मला तरी तो हक्क कुठे होता? व्हाइटफील्डमधल्या एका मोठ्या ऑफिस-संकुलात मी अग्निसुरक्षा अधिकारी आहे. जिने मोकळे आहेत का, भोंगा वाजतो का, कोणत्या शहाण्याने सुटकेच्या दारासमोर खोकी रचली आहेत, हे बघत दिवसभर फिरायचं. घाबरणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आई म्हणते, दयानंदा, लोक ताक फुंकून पितात, तू पाणीसुद्धा फुंकतोस. आमचं घराणं पाच पिढ्या बंगळूरात शिवणकाम करणारं, कापड तीनदा मोजून एकदा कापणारं. रूपश्री निपाणीची. के. आर. पुरमला नवव्या मजल्यावर आमचं घर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या घरी त्या बिचाऱ्याला दोघांच्या पाठी लागावं लागायचं. पण संसार बरा चालला होता.

नोव्हेंबरात मात्र एक गोष्ट घडली. सोसायटीच्या बागेत वेदिका झोपाळ्याजवळ गेली आणि बसेचना. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "साखळी तुटली तर?" शब्द तिचे नव्हते. बोलण्याची ढबही तिची नव्हती, हुबेहूब आईची होती. रूपश्री त्या दिवशी जेवली नाही.

"माझं मी बघून घेते ओ," ती म्हणाली. "पण हिला लागलंय की ते. हिला नको लागायला."

तिच्या ऑफिसातला वेणुगोपाल रविवारी काही लोकांना होसकोटेच्या पुढच्या एका बंद खाणीवर घेऊन जात असे. वीस फुटांच्या कड्यावरून थंड पाण्यात उडी मारायची. एकदा ती मारली की बाकीची सगळी भीती लहान होते, असं तो सांगे. रूपश्री माझ्याबरोबर सोसायटीच्या तलावात पोहायला शिकली होती, पण दोरीपलीकडच्या खोल बाजूला ती कधी गेली नव्हती. तिने नाव दिलं आणि मला म्हणाली, "तुम्ही बरोबर या फक्त."

२

खाण ग्रॅनाइटची होती. दगड काढून झाल्यावर ती तशीच सोडून दिलेली. तीन बाजूंना सरळ कापलेले कडे आणि चौथीकडे ट्रक खाली उतरायचा जुना रस्ता, तो थेट पाण्यात जात होता. कड्यांच्या अंगावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या खाचा होत्या, सारख्या अंतरावर, अगदी पाण्याखालीही गेलेल्या. डिसेंबरातली सकाळ होती, आठ वाजले होते. एवढं पाणी असून त्याला शेवाळाचासुद्धा वास येत नव्हता.

मी सवयीने तपासणी सुरू केली. खोली किती, खाली दगड आहेत का, दोर कुठे, ट्यूब कुठे, जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर. वेणुगोपालने सगळ्याची उत्तरं कानडीत, न चिडता दिली. तो स्वतः उडी मारत नव्हता. कुणीतरी वर राहायला पाहिजे ना सर, म्हणाला.

"आणि हाक," तो पुढे म्हणाला. "माणूस पाण्यात गेला की वरून त्याच्या नावाने हाक मारत राहायची, तो वर येऊन ओ देईपर्यंत. आत गेलं की वर कुठे, खाली कुठे ते कळत नाही. घरचं कुणी असलं तर त्यानेच मारावी, ओळखीचा आवाज पटकन कळतो. मॅडमना तुम्ही मारा."

रूपश्रीची पाळी चौथी होती. कड्याच्या टोकावर ती उभी राहिली तेव्हा तिच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. तिने एकदा मागे वळून बघितलं. "वेदिकाला सांगायचं, आई घाबरली नाही म्हणून," ती म्हणाली आणि गेली.

मी हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण तिचं नाव बाहेर पडलंच नाही. माझे डोळे मिटलेले होते. वेणुगोपाल पाठमोरा बसून दोराचा गुंता सोडवत होता, मी बघतोय म्हणून तो निर्धास्त होता. बाकीचे उताराकडे अंग पुशीत होते. आठ-दहा सेकंद त्या खाणीत कुणाचाच आवाज नव्हता.

मग पाणी फुटलं आणि ती वर आली. धाप नाही, खोकला नाही. तिने तोंडावरचे केस बाजूला केले आणि उताराकडे पोहत गेली. मी धावत खाली गेलो.

"कसं वाटलं?"

"बरं वाटलं की," ती म्हणाली. "हलकं."

परतताना वेणुगोपालने मला विचारलं, "हाक मारलीत ना सर?" मी हो म्हणालो. एवढ्याशा गोष्टीसाठी चारचौघांत कोण खरं बोलतं?

३

सोमवारी आम्ही तीन मिनिटांत घराबाहेर पडलो. रूपश्रीने दार ओढलं आणि चालू लागली. कुलूप मी ओढून बघितलं.

पहिले पंधरा दिवस घरात सणासारखे गेले. रूपश्रीने वेदिकाला झोपाळ्यावर बसवलं आणि इतका उंच झोका दिला की पोर खदखदून हसत होती. ती मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर न अडखळता चढली. स्वतः स्कूटर शिकायला लागली आणि वेदिकाला सोसायटीच्या तलावात पोहण्याच्या क्लासला घातलं. मला फार आनंद झाला होता, आणि थोडा हेवाही वाटला होता. त्या एका उडीने माझ्या बायकोचं अर्धं आयुष्य तिला परत दिलं, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो.

मग एक दिवस के. आर. पुरमला, स्टेशनसमोरच्या रस्त्यावर, आम्ही तिघे उभे होतो. रूपश्री चालू लागली. वेदिका तिच्या मागे निघाली. रूपश्रीने मुलीचा हात धरला नव्हता. सरकारी बस किंचाळत थांबली, वेदिकापासून हातभर अंतरावर. मी पोरीला मागे खेचलं. रूपश्री पलीकडे पोचून आमची वाट बघत होती.

"हात का सोडलास?" मी विचारलं.

"थांबली की बस," ती म्हणाली.

खरं होतं. बस थांबली होती. मी मनाची समजूत घातली. आमच्या ड्रिलमध्येही पहिल्यांदा भोंगा वाजला की लोक दचकतात आणि चौथ्यांदा गप्पा मारत जिना उतरतात. भीती मोडली की माणूस काही दिवस असा दुसऱ्या टोकाला जायचाच.

पण आवाज थांबले होते, त्याचं काय करायचं ते मला कळेना. रोज पहाटे पाचला रूपश्री उठून वेदिकाच्या खोलीत जायची आणि तिच्या नाकापुढे तळवा धरून श्वास बघायची. पोर जन्मल्यापासूनचा रिवाज होता तो. तिच्या चपलांचा आवाज माझ्या झोपेत मिसळून गेला होता. आता पाचला जाग यायची आणि घर मुकं असायचं. रूपश्री शेजारी गाढ झोपलेली असायची. तिची बोटं मात्र झोपेत वाकलेली असत, कशाला तरी घट्ट धरल्यासारखी, आणि ती बर्फासारखी गार लागत. मी ती एकदा सरळ करून पाहिली. सोडल्यावर ती पुन्हा वळली.

मग मीच उठून वेदिकाचा श्वास बघून यायला लागलो.

४

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी मी झोपून उठलो तर बाल्कनीत वेदिका स्टुलावर उभी होती. कठडा तिच्या मांड्यांपर्यंत येत होता. खाली नऊ मजले. ती पुढे वाकून कुणाचं तरी मांजर शोधत होती. रूपश्री शेजारच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती आणि लेकीकडे बघून कौतुकाने हसत होती.

मी ओरडलो नाही. ओरडून दचकवायचं नसतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. हळू जाऊन पोरीच्या कमरेला हात घातला आणि तिला खाली घेतलं. मग मी तिथेच जमिनीवर बसलो.

"पडली असती ती," मी म्हणालो.

"पडली असती," रूपश्रीने मान्य केलं. "पण पडली नाही की. तुम्ही कशाला एवढं घाबरताय ओ?"

तिचा आवाज मायेचा होता, तो जराही बदलला नव्हता. वेदिकाची वेणी तीच घालत होती, डब्यात तिच्या आवडीचा लिंबाचा भात, चित्रान्ना, तीच भरत होती, ताप आला तर औषधही देत होती. जीव तेवढाच होता. फक्त त्या जिवाला कापरं भरायचं बंद झालं होतं. मुलीवर प्रेम आहे आणि तिच्यासाठी भीती नाही, हे दोन्ही एका बाईत एकत्र राहू शकतं असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

"पुढच्या रविवारी वेदिकालापण नेऊया खाणीवर," शेंगांची टरफलं गोळा करत ती म्हणाली. "वेणुगोपाल लहान मुलांना नको म्हणतो. आपण आपले जाऊया. वाट माहीत आहे की."

वेदिका टाळ्या पिटायला लागली. मी हो म्हणालो, नाही म्हणालो, मग म्हणालो, "आधी मी मारतो उडी. मग तिचं बघू."

"तुम्ही?" रूपश्री मनापासून खूश झाली. "चालेल की."

अशा तऱ्हेने मी एक आठवडा मिळवला.

५

आई चामराजपेटला मोठ्या भावाकडे असते. भागीरथीबाई म्हणजे त्या गल्लीतलं मोठं प्रस्थ. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सुईत दोरा स्वतः ओवते. सोमवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खाण, उडी, बस, स्टूल. ती एका परकराला नेफा घालत होती. माझं संपल्यावर तिने दोरा दातांनी तोडला.

"ती पाण्यात गेली तेव्हा तिला हाक मारलीस का?"

हाकेबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. लहानपणी खोटं पकडलं जायचं तसा मी खाली बघत राहिलो.

"सरी," ठीक आहे अशा अर्थी आई कानडीत म्हणाली. "मग हाकेचं पाणी आणायला पाहिजे."

मी पाच वर्षांचा असताना मार्केटच्या कोपऱ्यावर एक बैल माझ्या अंगावर आला होता. त्यानंतर चार दिवस मी बोललो नाही की रडलो नाही. आई त्या कोपऱ्यावर परत गेली, तिथल्या नळाचं पाणी तांब्यात भरलं, त्यावर माझं नाव घेतलं, मागे न बघता घरी आली आणि मला पाजलं. पाणी घशाखाली उतरताच मी बैल बैल म्हणून भोकाड पसरलं, असं सगळे सांगतात. मला फक्त पितळेची चव आठवते.

"जिथं माणूस घाबरलं तिथलंच पाणी लागतं," आई म्हणाली. तिने कपाटातून झाकणाचा फिरकीचा तांब्या काढून दिला. "घरच्याच माणसानं आणायचं."

"उकळलं तर चालेल का?"

आईने माझ्याकडे बघितलं आणि परकर उचलला.

मंगळवारी मी रजा टाकली. एकटाच खाणीवर गेलो, जुन्या रस्त्याने खाली उतरलो, घोटाभर पाण्यात उभं राहून तांब्या भरला. रूपश्री, अशी हाक मारली. कड्यांवरून ती तीनदा परत आली. शिकलेला माणूस मी, भर उन्हात एका खड्ड्याशी बोलत होतो, आणि त्याची मला लाजही वाटत होती. संध्याकाळी रूपश्री ते पाणी गटागटा प्यायली. "फिल्टर बिघडलाय काय?" एवढंच तिने विचारलं. त्यानंतर तिने गरम तव्यावरची चपाती नुसत्या बोटांनी उलटली, पूर्वी ती उलथन्याशिवाय तव्याजवळ जात नसे.

मी आईला फोन केला.

"काठाचं आणलंस तू," ती म्हणाली. "काठावर तिला काय झालं होतं? ती जिथं खाली गेली तिथलं पाहिजे." मग म्हणाली, "आणि ऐक रे. तू आत जाशील तेव्हा वरून कुणीतरी तुझं नाव घेत राहायला पाहिजे. थांबायचं नाही."

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आमच्या घरात आता घाबरणारा मी एकटाच उरलो होतो, आणि वेदिका त्या एकट्याच्या भरवशावर रस्ते ओलांडत होती.

६

वेणुगोपाल लग्नासाठी गावी गेला होता. रविवारी आम्ही तिघेच गेलो. रूपश्रीने डब्यात उप्पीट घेतलं होतं. माझ्या अंगात ऑफिसचा पिवळा टीशर्ट होता, मनगटाला नायलॉनच्या दोरीने तांब्या बांधला होता. झाकण मी खिशात ठेवलं. रूपश्रीने तांब्या कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

वेदिकाला मी मागे, झाडाखाली बसवलं आणि हलायचं नाही म्हणून शपथ घातली.

"मी आत गेलो की हाक मारत राहायचं," मी रूपश्रीला म्हणालो. "मी वर येईपर्यंत. थांबायचं नाही."

"मारते की. जावा तुम्ही."

कड्याच्या टोकावर आलो तेव्हा माझी खरोखर पाचावर धारण बसली. पाणी हलत नव्हतं. पायांना कुणीतरी दगडाला शिवून टाकलंय असं वाटत होतं. मी दोनदा मागे फिरलो. दुसऱ्यांदा मागे बघितलं तर वेदिका झाडाखालून उठून दहा पावलं पुढे आली होती आणि रूपश्री तिला ये ये म्हणून हाताने बोलवत होती. मग मी विचार केला नाही. नाक धरलं आणि पाय उचलले.

पाणी लागलं ते थंड नव्हतं. क्षणभर मला वाटलं आपण कशावर तरी आपटलो. मग थंडी आली, एकदम सगळीकडून, छातीतला वारा पिळून काढत. मी खाली जात राहिलो. डोळे उघडले. हिरवं, मग काळं. कानात माझंच रक्त वाजत होतं.

आणि मग हाक आली. "अहो." निवांत, लांबवर. थोड्या वेळाने पुन्हा, "अहो."

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. चौदा वर्षांच्या संसारात रूपश्रीने माझं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तिच्या माहेरी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आईने नाव म्हणून सांगितलं होतं आणि मी हाक म्हणून सांगून बसलो होतो. आमच्या घरात माझं नाव घेणारं कुणी नव्हतंच. एक अहो म्हणते आणि दुसरी अप्पा.

मी वर जायला हात मारणार, तेवढ्यात दुसरी हाक आली.

"अहो, अहो, अहो."

ती खालून आली. घाईची, धास्तावलेली, श्वास न पुरणारी. गॅस चालू राहिलाय की काय, वेदिका अजून आली नाही की काय, अशा वेळची. तो आवाज मी दीड महिना ऐकला नव्हता, आणि तो ऐकून मला रडू आलं. पाण्यात रडू आलं तरी कळतं. चौदा वर्षं मी ज्या हाकेला वळत आलो होतो तिच्याकडे मी वळलो.

कड्याची भिंत माझ्या समोर होती. सुरुंगाच्या खाचा खाली गेल्या होत्या आणि त्या खाचांत बोटं होती. एक हात, त्याच्या पलीकडे दुसरा कुणाचा तरी, आणखी खाली एक-दोन. दगडाला घट्ट धरलेली, वाकलेली बोटं. त्यांच्यामागे काय होतं ते अंधारात नीट दिसत नव्हतं आणि मी नीट बघितलंही नाही. सगळ्यात जवळच्या हाताने दगड सोडला आणि माझ्या तांब्याचा काठ पकडला.

मी खिशातून झाकण काढलं आणि फिरवून घट्ट लावलं.

वर येताना माझ्या घोट्याला कुणीतरी धरलं. पकड जोराची होती, बुडणाऱ्या माणसाची असते तशी. मी खाली बघितलं. पिवळं काहीतरी दिसलं. मग पकड सुटली. वर आल्यावर मी पहिल्यांदा टीशर्ट बघितला, तो माझ्या अंगावरच होता.

७

मी उताराकडे सावकाश पोहत गेलो. थंडी वाजत नव्हती. वाट चढून कड्यावर आलो.

"कसं वाटलं?" रूपश्रीने विचारलं.

"बरं वाटलं," मी म्हणालो. "हलकं."

तांब्या उघडून मी तिच्या हातात दिला, तिचं नाव घेतलं आणि पी म्हटलं. घरी नेऊन द्यायचं होतं, हे मला माहीत होतं. पण तेव्हा त्याने काय फरक पडणार, असं वाटलं. ती अर्धा तांब्या प्यायली. प्यायताना तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तांब्या तिच्या हातून सुटला आणि घरंगळत कड्यावरून खाली गेला. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी आजवर कोणत्याही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

ती चालत गेली नाही, गुडघ्यांवर सरपटत गेली. वेदिका कड्याच्या अगदी टोकावर उभी होती, पायांची बोटं बाहेर काढून, तांब्या कुठे पडला ते बघत. रूपश्रीने तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं, कुशीत कोंबलं आणि ती दगडाला पाठ लावून थरथरत बसली. वेदिकाचं कोपर खरचटलं म्हणून ती रडत होती. रूपश्री नुसती माझी बाय, माझी बाय म्हणत होती.

मला बरं वाटलं. काम झालं होतं. मी डब्यातलं उप्पीट काढलं.

"अहो," थोड्या वेळाने रूपश्री म्हणाली. "तुम्ही तिच्या शेजारी होता."

होतो. दोन हातांवर होतो. वेदिका तिथे उभी आहे हे मला दिसलं होतं. हात पुढे करायचं सुचलं नव्हतं, एवढंच. मी तिला तसं सांगितलं. तेव्हा तिने माझ्याकडे जसं बघितलं ते मी ओळखतो. हे ड्रिल नाही, खरोखर आग लागली आहे, असं कळल्यावर लोक सुरक्षा अधिकाऱ्याकडे तसं बघतात.

८

आता घरातून निघायला वीस मिनिटं लागतात. मी लिफ्टचं दार धरून उभा असतो आणि मला अजिबात कंटाळा येत नाही. रूपश्री वेदिकाला माझ्या स्कूटरवर बसू देत नाही. बाल्कनीला तिने जाळी बसवून घेतली. पहाटे पाचला चपला वाजतात, आधी वेदिकाच्या खोलीत, मग माझ्या उशाशी. माझ्या नाकापुढे ती बराच वेळ तळवा धरते. परवा ऑफिसात चौथ्या मजल्यावर धूर झाला. भोंगा वाजला तेव्हा मी चहा पीत होतो, तो संपवला आणि मग उठलो. कुणाला काही झालं नाही. हे ऐकून रूपश्री दुसऱ्या खोलीत जाऊन रडली.

आईकडून तिने सगळं विचारून घेतलं आहे. दर रविवारी वेदिकाला शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांकडे ठेवून ती मला खाणीवर नेते. नवीन तांब्या स्वतःच्या मनगटाला बांधते. कड्याच्या टोकापासून पाच पावलांवर तिचे पाय थांबतात. ती हात-पाय टेकून पुढे सरकते आणि खाली पाण्याकडे तोंड करून हाक मारते. माझ्या नावाने. "दयानंद. दयानंद." पहिल्यांदा तिची जीभ रेटत नव्हती, आता सवय झाली आहे. मी तिच्या मागे बसून ऐकतो. कानाला फार गोड लागतं. मग तिचे दात वाजायला लागतात, ती मागे येते आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, पुढच्या रविवारी नक्की. तीन रविवार झाले. तिच्याने उडी होणार नाही. तिची भीती सगळीच्या सगळी परत आली आहे, ती कशी मारणार? मी तिला सांगतो, राहू दे, माझं काही अडत नाही. खरंच अडत नाही.

काल संध्याकाळी वेदिका माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या कोपरावरची खपली आता निघाली आहे.

"अप्पा, आई तुमच्यासाठी रडते ना?" तिने विचारलं. "तुमचं पाणी खाली राहिलंय म्हणून?"

"हो."

"मी आणू? मला डाइव्ह येते. पोहण्याचे सर म्हणाले, माझी सगळ्यांत छान आहे."

मी नीट विचार केला, आमच्या पद्धतीने, एकेक मुद्दा घेऊन. पाणी खोल आहे. खाली दगड नाहीत. बाहेर यायला उतार आहे. पोरीला पोहता येतं. हाक मारायला मी आहे, आणि विसरलो तरी ती हुशार आहे. अडचण म्हणावी असं काही मला सापडलं नाही. लेकीला बापासाठी एवढं वाटतं याचं समाधानच वाटलं.

"सरी," मी म्हणालो.

उद्या रविवार. रूपश्रीला ऑफिसात काम आहे, दुपारपर्यंत ती येणार नाही. अक्कांना मी सांगून ठेवलंय की वेदिका माझ्याबरोबर असेल. आम्ही साडेसातला निघू. रूपश्रीला यातलं काही बोललेलो नाही, ती उगीच घाबरेल.